आमची वाटचाल : लांब राशींच्या मागून

तट्टू स्वाराखाली किंवा गाडीला जाण्याआधी त्याच्या मागून चालत, दोन लांब राशींवर, म्हणजे लगामाच्या लांब दोऱ्यांवर, त्याला वळायला, थांबायला आणि न बुजता चालायला शिकवणं, हे आमचं काम. सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. एक हंगाम मात्र असा आला की निम्मा तबेला रिकामा पडला. दुसऱ्या एकाने 'दहा दिवसांत तयार तट्टू' देऊ केलं आणि गिऱ्हाइकं तिकडे गेली.

ती घाई कशी जमते ते आम्हाला ठाऊक होतं. बाजूच्या राशी, म्हणजे तोंडापासून पोटपट्ट्याला बांधलेल्या आखूड दोऱ्या, आखडून तोंड छातीशी बांधायचं, की तट्टू दिसायला नम्र दिसतं. पण ते कडियाळाच्या, म्हणजे तोंडातल्या लोखंडी कडीच्या, मागे लपायला शिकलेलं असतं. हनुवटी छातीला लावून ते हवं तिकडे निघून जातं आणि रास ओढून काही उपयोग होत नाही. अशी तट्टं पुढे दुरुस्तीला आमच्याच दारात आली. नव्याला शिकवण्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक टिकलं. आपलं पहिलं तट्टू आमच्याकडे आणताना त्यांची अट होती की राशी धरायला त्यांनाही शिकवायचं. नंतरचं प्रत्येक तट्टू त्यांनी इथेच पाठवलं, म्हणून कुलूप लागलं नाही.

राशींबाबत आम्ही आजही हट्टी आहोत. तट्टासाठी प्रत्येकी साधारण 7 ते 8 मीटर, सुती आणि चपट्या. नायलॉन हातातून सरकला की तळवा भाजतो. पुढचा भाग गोल दोरीचा असला की रोलरच्या (पाठीपोटाभोवतीच्या रुंद पट्ट्याच्या) कड्यांतून अडखळत नाही. मागची टोकं कधीही जोडायची नाहीत, कारण त्या फासात पाय गेला तर माणूस फरफटत जातो. राशी हाताला गुंडाळायच्या नाहीत, हातमोजे काढायचे नाहीत. रोलरऐवजी खोगीर असेल तर रिकिबी पोटाखालून पट्ट्याने बांधा, नाहीतर त्या उचलल्या जातात आणि दाब बदलतो.

पहिले दोन-तीन दिवस राशी कडियाळाला नको, मोहोरकीच्या, म्हणजे डोक्यावर चढवायच्या पट्ट्यांच्या, बाजूच्या कड्यांना लावा. मदतनीस डोक्याशी उभा असताना मऊ दोरी पुठ्ठ्यावरून (शेपटीवरच्या मांसल भागावरून), मांडीवरून, मागच्या पायांवरून फिरवा. शेपटी घट्ट दाबली गेली तर पुढे जाऊ नका. रास शेपटीखाली अडकली तरी ओढायची नाही. सैल सोडायची, तट्टाला चालू द्यायचं, शेपटी आपोआप सुटते. बाहेरची रास, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूची, हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) वर राहिली पाहिजे. खाली घसरून पायांत आली की तट्टू उधळतं. अशा वेळी ती रास हातातून सोडा आणि आतल्या राशीवर त्याला वर्तुळात आणा.

उभं राहायचं ते लाथेच्या टप्प्याबाहेर, मागे आणि जरा एका बाजूला. नेमक्या मागे उभं राहिलं तर तट्टाला माणूस दिसत नाही. वळण हा सारा कस. डावीकडे वळायचं तर डावी बोटं मिटायची आणि तेवढीच उजवी रास द्यायची. ती दिली नाही तर दोन्हींकडून ओढ बसते, तट्टू अडतं, मागे सरतं आणि शेवटी मागच्या पायांवर उभं राहतं. मग लोक त्याला हट्टी म्हणतात. दिशा बदलताना आधी नवी आतली रास आखडून घ्या, बाहेरची सोडत जा, मग मागून पलीकडे जा. सुरुवातीला वळणं रुंद ठेवा.

थांबवताना आधी आवाज, मग बोटं, मग स्वतःचे पाय. थांबलं की त्याच क्षणी ढील. नीट पाहिलंत तर ओठाचा कोपरा सैल होतो आणि आतला कान तुमच्याकडे वळतो. मग पुढची खूण द्यायची. राशींचं नुसतं वजनही तोंडावर लटकत असतं, म्हणून सुरुवातीला 15 ते 20 मिनिटांच्या वर जाऊ नये.

'तट्टाला टुमणी, तेजीला इशारत', म्हणजे तट्टाला टोचावं लागतं आणि उमद्या घोड्याला खूण पुरते, ही म्हण आम्हाला पटत नाही. बाहेरची रास वेळेवर सोडणारा हात असेल तर तट्टालाही इशारत पुरते. आजही कुणी तट्टू घ्यायला आलं की आम्ही आधी राशी त्यांच्या हातात देतो आणि एक वळण घ्यायला लावतो. बाहेरचा हात मोकळा झाला नाही तर तट्टू आणखी काही दिवस आमच्याकडेच ठेवतो.