पाडवा ते पाडवा: रोजच्या पुण्याचा एक फोटो

आमच्या घरी तीन अल्बम आहेत. एकात आईबाबांचं लग्न, दुसऱ्यात माझं बारसं आणि भावाची मुंज, तिसऱ्यात अष्टविनायक नि महाबळेश्वर. शुक्रवार पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही बावीस वर्षं राहिलो, त्याचा स्वतःचा असा एकही फोटो नाही. वाडा दिसतो तो पाहुण्यांच्या खांद्यामागे, तुकड्यातुकड्यांनी. चौकातला नळ आणि त्याच्यापुढची बादल्यांची रांग, दिवसाही दिवा लावावा लागणारा जिना, माडीच्या कठड्यावर वाळत पडलेल्या गोधड्या, ज्या खिडकीत बसून आम्ही रोज चहा प्यायलो ती खिडकी, यातलं काहीच नाही. वाडा पाडला, तिथे आता सहा मजली इमारत आहे. आईच्या माहेरचे फोटो १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले. आमच्या वाड्याचे मात्र कुणी काढलेच नव्हते.

यात कुणाची चूक नाही. रीळ छत्तीस फोटोंचं, धुवायला वेगळे पैसे. कॅमेरा सणासमारंभालाच कपाटाबाहेर निघायचा. पण आता पर्समध्ये चोवीस तास कॅमेरा असताना मीही तेच करत होते. वाढदिवस, सहल, कुणाचं तरी लग्न.

म्हणून ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या सकाळी, मी ठरवलं की पुढच्या पाडव्यापर्यंत पुण्याचा रोज एक फोटो काढायचा. तो त्याच दिवशी काढलेला हवा आणि रोजच्या जगण्याचा हवा. सण आला तरी सणाचा नको. आणि प्रत्येक फोटोमागे वहीत दोन ओळी. पंचांग काढून मोजलं: पाडवा ते पाडव्याचा आदला दिवस, ३५५ दिवस.

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या गोष्टीमागे होते, हे आता कळतं. झेड ब्रिजवरून सूर्यास्त, मोगऱ्याची रास, पावसाआधीचं आभाळ. छान फोटो होते, मैत्रिणींना आवडलेही. एप्रिलअखेर सगळे एकत्र पाहिले, तर हे पुणं आहे असं ओळखायला त्यात काही खूणच नव्हती. दराची पाटी नाही, बसचा नंबर नाही, माणसाचा हात नाही. पन्नास वर्षांनी कुणी हे पाहिलं, तर २०२४ मध्ये लोक कसे जगत होते, हे त्याला काय कळणार?

मग मी मंडईत जायला लागले. कामाला मी पर्वती पायथ्याहून शिवाजीनगरला जाते, बस वाटेत तिथूनच जाते, त्यामुळे दोन थांबे आधी उतरणं एवढंच करायचं होतं. ही इमारत १८८६ पासून उभी आहे. तेव्हा तिला गव्हर्नर रे यांचं नाव होतं. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच. लहानपणी आईचा हात धरून मी तिथे शेकडो वेळा गेले असेन, पण मान वर करून छताकडे पाहिलं ते या वर्षी.

मंडईत आतला उजेड अवघड. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, आणि मधे उजेडाचे एक-दोन झोत. मोबाइल गोंधळतो: भाजी दिसते तर मागचं दार पांढरं फटक होतं. बऱ्याच चुकांनंतर जमलं ते असं: पडद्यावर जिथे उजेड पडलाय तिथे बोट टेकायचं, मग बोटानेच उजेड थोडा खाली ओढायचा. अंधारातलं थोडं अंधारातच राहू द्यायचं. कोपर पोटाशी घट्ट धरायचे आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. झूम करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं.

पुढे जायचं म्हणजे माणसाजवळ जायचं, आणि मला धास्ती होती ती त्याचीच. पहिल्यांदा विचारलं ते एका लिंबंवाल्या मावशींना.

"मावशी, एक फोटो काढू का?"

"कशाला गं? पेपरात येणार का?"

"नाही, माझ्यासाठीच. रोज एक काढते पुण्याचा."

"मग थांब, पदर सारखा करते."

पदर सारखा झाला, पाठ ताठ झाली, हात मांडीवर आले. मी तो फोटो काढला, आभार मानले आणि तिथेच कोथिंबीर निवडत उभी राहिले. दोन मिनिटांत मावशी पुन्हा वाकून लिंबांवर पाणी मारायला लागल्या. त्या दिवसाचा फोटो तो. नंतर दोन्ही त्यांना दाखवले, तर त्यांनी वाकलेल्या फोटोवर बोट ठेवलं: "यात मी कामाला लागलेली दिसते." पुढच्या आठवड्यात दोन्हींच्या प्रिंट नेऊन दिल्या. प्रिंटला तेव्हा पंधरा रुपये पडायचे. त्यानंतर मंडईत मला कुणी नाही म्हटलं नाही, उलट "आमचा कधी?" अशी विचारणा सुरू झाली. आधी विचारायचं, मग थांबायचं, मग काढायचं, आणि प्रिंट नेऊन द्यायची, हा क्रम मी वर्षभर सोडला नाही. नाही म्हणणारेही भेटले. बोहरी आळीत एका काकांनी हाताने नको असं केलं, मी फोन पर्समध्ये टाकला. लहान मुलांचे चेहरे मी काढलेच नाहीत; त्यांची दप्तरं काढली, जिन्यातल्या चपला काढल्या.

१३ मेला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं आणि योगायोगाने शून्य सावलीचा दिवसही तोच. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. मतदान केंद्रात फोन चालत नाही. मी मत देऊन बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी थांबले. उसाच्या रसाचा ग्लास धरलेला एक हात, त्या बोटाला ताजी शाई, आणि फरसबंदीवर ग्लासाची सावली बरोबर त्याच्याच खाली. मला स्वतःला सगळ्यात जवळचा फोटो हाच. वहीत लिहिलंय: "काकूंनी रस पिऊन ग्लास धुवून ठेवला. म्हणाल्या, गर्दी नाही, बरं झालं."

३० जूनला दोन्ही पालख्या शहरात आल्या. सणाचा फोटो नको हा नियम तेव्हा जड गेला. १ जुलै मुक्कामाचा दिवस. नाना पेठेत निवडुंग्या विठोबा, भवानी पेठेत पालखी विठोबा, दोन्हींकडे दर्शनाच्या रांगा. मी आजूबाजूच्या गल्ल्यांत फिरले. एका शाळेच्या ओसरीत नाभिक मंडळी वारकऱ्यांची दाढी फुकट करत होती, पलीकडे चपला शिवून दिल्या जात होत्या, तेही फुकट. शिवून झालेल्या चपलांची भिंतीशी लागलेली रांग मी घेतली. प्रत्येक जोडाची टाच एकीकडे झिजलेली होती. आळंदी-देहूपासूनचं अंतर फार नाही, ती झीज वर्षभराच्या शेतातली असणार.

२५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. मी गेले ते तीन दिवसांनी, एका सहकाऱ्याला गाद्या उचलायला मदत करायला. फोन काढायचं मनात नव्हतं. त्यांच्या शेजारच्या ताई वह्या कठड्यावर एकेक पान सुटं करून वाळवत होत्या. मी रोजच्या फोटोचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढा की. पण वह्यांचा काढा, माझा नको." पान फुगलेलं, शाई पसरलेली, कोपऱ्यात लाल पेनने "उत्तम". घरी येऊन आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे चिखलाखाली वह्याच सापडल्या होत्या आधी." पानशेतच्या वेळी ती चौदा वर्षांची होती. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मग ऑगस्टची गोष्ट. पावसात फोन भिजला, चार्ज होईना. एका दुकानात दुरुस्तीला दिला. त्यांनी तो मला न विचारता पूर्ण कोरा करून परत दिला. १२ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर, तेवीस दिवसांचे फोटो मी अजून कुठे उतरवले नव्हते. काही मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, तिने तिच्याकडचे साफ करून टाकलेले. एरवीही तिथून साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने घटतो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, ठिकाण पुसलं जातं, त्यामुळे नोंदीसाठी त्याच्यावर विसंबू नये. त्या रात्री मी रडले. खरंच रडले. पुन्हा काढता येणारे फोटो नव्हते ते.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. "१९ ऑगस्ट. राखीपौर्णिमा. पीएमटीत कंडक्टरच्या मनगटावर चार राख्या. तिकिटं फाडताना एक सारखी अडकत होती, पण त्याने ती काढली नाही." "२६ ऑगस्ट. तांबट आळी. हंड्यावर मठारकाम चाललेलं. दादा म्हणाले, फेरा पुरा होईपर्यंत थांबा, मधे थांबलो तर ठोका चुकतो. मी थांबले. समोरच्या दुकानातला ठोका वेगळ्या लयीत." वाचताना ते दिवस परत आले. शिवाय ठोक्याची लय फोटोत मुळातच आली नसती. आधी मी दोन ओळी कर्तव्य म्हणून लिहायचे. त्यानंतर त्या मनापासून लिहायला लागले. कोण, कुठे, किती वाजता, भाव काय, माणूस नेमकं काय म्हणाला. नोव्हेंबरमधल्या एका फोटोत नुसता लसणाचा ढीग आहे. खाली "पावशेर १०० रुपये, बायका चार-चार पाकळ्या मागून घेत होत्या" हे लिहिलंय, म्हणून तो फोटो आहे.

तेव्हापासून रोज रात्री फोटो संगणकात जातो, रविवारी तिथून दुसऱ्या डिस्कवर. नाव तारखेनेच, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे सगळे आपोआप ओळीने लागतात. एक फोटो साधारण चार एमबीचा. वर्षाचे मिळून दीड जीबीही होत नाहीत. एवढ्याशा जागेसाठी मी आळस केला होता.

अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. मी १८ ला संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर गेले. मिरवणूक संपली होती, झाडलोट करणाऱ्या बायका चपलांचे ढीग लावत होत्या, एका पायरीवर दोघी भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या होत्या. त्यांनी मलाही बसायला सांगितलं. त्या दिवशी फोटो काढायला मी जवळजवळ विसरले; उठताना आठवलं आणि त्यांच्या खराट्यांचा घेतला, दुकानाच्या बंद शटरला टेकवून ठेवलेल्या.

पुढे २९ सप्टेंबरला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. मलाही तिचा फार उपयोग आहे. अर्धा तास वाचतो, नदीखालून जाताना अजूनही नवल वाटतं. पण आठवड्याभरात लक्षात आलं की माझे फोटो एकसारखे व्हायला लागलेत. सरकता जिना, फलाट, मान खाली घातलेली माणसं. बसच्या खिडकीतून दिसणारं शनिपार, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची झुंबड, सगळं डोक्यावरून निघून जात होतं आणि मी त्याच्याखालून. तेव्हापासून जाताना मेट्रो, येताना बस.

सर्वांत कठीण गेले डिसेंबरचे दिवस. सहाला अंधार पडतो, मी सुटते साडेसहाला. थकवा असायचा, विषय सुचायचा नाही. अशा वेळी मी घरातलंच काढलं: पहाटे दाराच्या कडीला लटकणाऱ्या दुधाच्या पिशव्या, गच्चीतल्या टाकीचा वाहणारा पाइप, आईचं औषधांचं खोकं, त्यावर तिच्या अक्षरात "सकाळ" आणि "रात्र". वाड्याच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं होतं.

३० मार्च २०२५ ला पाडवा. त्याआधी मी ३३२ फोटोंच्या प्रिंट काढून आणल्या आणि उरलेल्या तेवीस दिवसांसाठी तेवढ्याच आकाराचे कोरे पुठ्ठे कापून त्यावर वहीतल्या ओळी उतरवल्या. सगळं तारखेने लावून आईपुढे ठेवलं. फोटो ती भराभर पाहत गेली. पुठ्ठ्यांपाशी मात्र चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. मग फेब्रुवारीतल्या एका फोटोवर थांबली: सदाशिव पेठेतला पाडायला घेतलेला वाडा, भिंत गेलेली, जिना अधांतरी.

"आपला जिना डावीकडे वळायचा," ती म्हणाली. "चौथी पायरी उंच होती. तू तिथेच पडायचीस."

"हो?"

"कोरा पुठ्ठा आहे का अजून?"

होते चार-पाच. मी पेन घेतलं.

"लिही. नळ चौकात, तुळशीच्या उजव्या अंगाला. पाणी पहाटे साडेचारला यायचं. पहिली बादली देशपांड्यांच्या आजींची, मग आपली. आपल्या बादलीची कडी तुटलेली होती, तिला तुझ्या बाबांनी तार गुंडाळली होती. तार तांब्याची होती, तसं लिही."