शाप नेमका कोणाच्या घरचा

शुक्रवार, रात्री

आज घरी प्रार्थना होती. ह्यांचं अंबडच्या कारखान्यातलं काम डिसेंबरात सुटलं, तेव्हापासून आई दर आठवड्याला कोणाला ना कोणाला प्रार्थनेला बोलावतात. आज आलेल्या बाई आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, कोणीतरी त्यांचा नंबर दिला होता. गायल्या छान. मग डोळे मिटून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या घरावर शापाचं बंधन आहे. आईच्या बाजूने आलंय."

"कोणाच्या आईच्या?" आईंनी लगेच विचारलं.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "सूनबाईंच्या माहेरी कोणी डोंगरावर जाऊन नवस केले होते का?"

नाशिक जिल्ह्यात असं कुठलं घर आहे की ज्यातलं कोणी कधी वणीच्या गडावर गेलं नाही? माझी आजी बाप्तिस्मा घ्यायच्या आधी जात असणारच. तिने ते कधी लपवलंही नाही, आम्हां नातवंडांना गडाच्या पायऱ्यांच्या गोष्टी सांगायची. पण आईंचा चेहरा असा झाला की जणू चोर सापडला. ह्यांनी मान खाली घातली आणि मोबाईल उलटा करून ठेवला. मी आत जाऊन कपबशा विसळत बसले, जरा जास्तच आवाज करत.

जाताना बाईंनी तेलाची छोटी बाटली दिली. दाराच्या चौकटीला लावायचं, चारी कोपऱ्यांना लावायचं, आणि मी माझ्या पूर्वजांच्या नावाने पश्चात्ताप करायचा. माझ्या आजीच्या नावाने! तिची बायबल अजून माझ्याकडे आहे. स्तोत्रसंहितेची पानं हाताळून इतकी मऊ झालीत की उलटताना फाटतील अशी भीती वाटते.

शनिवार

झोप लागली नाही. सकाळी चहा टाकून बायबलातला निर्गम 20 काढला, कारण बाईंनी तेवढंच वचन सांगितलं होतं: बापांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. लिहिलेलं आहे, नाही कसं म्हणू. पण तिथेच "जे माझा द्वेष करतात" असंही लिहिलंय, आणि लगेच पुढच्या ओळीत, जे त्याच्यावर प्रेम करतात त्यांच्या हजारो पिढ्यांवर दया. चौथी पिढी सांगायची आणि हजार गिळून टाकायच्या, हा कुठला हिशेब?

मग यहेज्केल 18. बाबेलच्या बंदिवासात लोक एक म्हण म्हणत होते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी म्हणायची नाही, असं देव तिथे स्वतःच्या जीविताची शपथ घेऊन सांगतो. ज्याचं पाप त्याच्या माथी, मुलगा बापाचा भार वाहणार नाही. पिंपळगाव-दिंडोरीकडे सध्या द्राक्षाची तोडणी जोरात आहे, शेजाऱ्यांनी परवाच एक क्रेट पाठवला. त्यातला एक घड आंबट निघाला आणि माझेच दात आंबले, आजीचे नाही.

आणि योहान 9. जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्यांचा पहिला प्रश्न काय, तर पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? दोन हजार वर्षं झाली तरी प्रार्थनेला बसलं की आपण तिथेच अडकलेलो. येशू म्हणाला, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही.

हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल ही कॉलेज शिकली म्हणून सैतान मानत नाही. मानते. गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावं हे शोधत फिरतो, हे पेत्राने लिहिलंय आणि पेत्राला अनुभव होता. माझं म्हणणं एवढंच की सिंह दारात असताना आम्ही माझ्या आजीला शोधत बसलो.

तेलाचंही तसंच. याकोब 5 मध्ये तेल आहे. ते आजारी माणसाला लावायचं, मंडळीच्या वडीलजनांनी यायचं आणि प्रार्थना करायची. चौकटीला लागलं ते मिसरातलं कोकराचं रक्त, तेही इस्राएलांच्या सुटकेच्या त्या एका रात्री. दर अमावास्येला लिंबू-मिरची बदलतात तसं दर महिन्याला चौकटीला तेल लावायला लागलो तर आपल्यात आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात फरक तो काय राहिला?

रविवार, उपासनेनंतर

लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा, पहिला रविवार. वाचन मत्तय 4, अरण्यातली परीक्षा. इतक्या वेळा ऐकलंय, पण आज कान टवकारले गेले. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून जे वचन म्हणून दाखवतो, ते 91 व्या स्तोत्रातलं! देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, तुझा पाय धोंड्याला लागणार नाही. तेच स्तोत्र आईंनी लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला लावलंय. म्हणजे रक्षणाचं वचन त्यालाही तोंडपाठ आहे. आणि थांबतो कुठे पाहा: पुढच्याच ओळीत सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, तिच्या आधी गप्प. येशू उडी मारत नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, एवढंच म्हणतो.

दुपारी पौलाचं इफिसकरांस पत्र सगळं एका बैठकीत वाचलं. शस्त्रसामग्रीचा सहावा अध्याय संडेस्कूलमध्ये पाठ केला होता: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. पुठ्ठ्याच्या ढालीला चंदेरी कागद चिकटवून नाटकही केलं होतं. पण इफिस हे कसलं शहर होतं ते तेव्हा कोणी सांगितलं नाही. प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये आहे, जादूटोण्याचा बाजार होता तिथे. स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले तर दुष्ट आत्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलाची मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? उघडेनागडे आणि जखमी होऊन पळाले. मग विश्वास ठेवलेल्यांनी आपली जादूची पुस्तकं आणून जाळली, 50,000 चांदीच्या नाण्यांची. इफिस म्हटलं की ही माणसं. तावीज-गंड्यांच्या गावातल्या ह्या लोकांना पौल नवा तावीज देत नाही. खरं बोला, नीट वागा, वचन धरून राहा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणतो. जुनंच सगळं, कंटाळवाणं वाटावं इतकं. आणि उरस्त्राण-शिरस्त्राण मुळात यशया 59 मध्ये देवाने स्वतः चढवलेलं आहे. आपल्या मापाचं शिवलेलं नाही, त्याचंच आपण घालायचं.

रोमी शिपायाची ती मोठी ढाल लाकडाची असे, कातडं मढवलेली, आणि शेजाऱ्याच्या ढालीला लावून धरली की भिंत व्हायची. पौलही सगळीकडे "तुम्ही" म्हणतो, पुष्कळांना मिळून. ह्यांच्यासाठी मी आणि आई शेजारी उभ्या राहायच्या, तर त्या बाईंनी आम्हां दोघींच्या मध्येच फट पाडली. फावलं कोणाचं?

संध्याकाळी शरणपूर रोडवरून चालत आले. "बंधन" डोक्यात घोळतच होतं. ह्याच शरणपुरात एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलं मिशनऱ्यांनी ठेवली होती. इथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, 1874 मध्ये त्याचा मृतदेह घेऊन लंडनपर्यंत गेला. त्या मुलांनी खऱ्या बेड्या पाहिल्या होत्या. आणि पौलाने तर शस्त्रसामग्री लिहिली तीच बेड्यांत असताना. बेड्या तुटाव्यात म्हणून प्रार्थना करा, असं तो म्हणत नाही. धैर्याने बोलता यावं म्हणून करा म्हणतो. ह्यांची नोकरी गेली म्हणजे रक्षण उठलं, हे गणित पौलाला लावून पाहावं कोणीतरी.

मंगळवार

आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलतायत. मीही. इफिसकरांच्या त्याच पत्रात, शस्त्रांच्या दोन अध्याय आधी, "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, आणि सैतानाला वाव देऊ नका" असं आहे. चौकटीचा उल्लेख नाही, वडाच्या झाडाचा नाही, आजीचा तर नाहीच. तो आत येतो तो रात्रभर ठेवलेल्या रागातून. माझा राग रास्त आहे, अजूनही तसंच वाटतं. पण तीन सूर्य मावळले.

लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, इथून जवळच. वडिलांच्या सोवळ्यापायी ते घर कसं जेरीस आलं होतं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. भीतीचं नाव बदललं, सोवळ्याचं बंधन झालं, म्हणून घर जेरीस यायचं थोडंच थांबतं?

दुपारी आईंचे गुडघे धरले होते. ती बाटली घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. "आई, याकोबात आजाऱ्याला लावायचं लिहिलंय. पाय पुढे करा." आधी त्या बिचकल्या, मग केले. मी चोळत चोळत प्रार्थना केली, मोठ्याने, ह्यांच्या नोकरीसाठी पण. मधेच त्या म्हणाल्या, "तुझी आजी चांगली होती गं. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते तिने." हे मला माहीतच नव्हतं.

ह्यांना सातपूरहून फोन आला, गुरुवारी मुलाखत आहे. शुक्रवारी त्या बाई परत यायचं म्हणतायत. येऊ द्यायचं का, आईंनी विचारलं.

"येऊ द्या की," मी म्हटलं. "गाणी त्या घेतील. वचन मी वाचणार, यहेज्केल 18."

"सगळा अध्याय?"

"सगळा."

आईंनी थोडा विचार केला. "मग पोहे जरा जास्तच भिजवावे लागतील."