नवव्या दिवसाची नोंद

रायगड जिल्ह्यातल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, कार्यालयाचं काम मी बघते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगणार आहे ती एका कुटुंबाची खाजगी गोष्ट आहे. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा या पट्ट्यात आम्हा बेने इस्रायल ज्यूंची वस्ती शेकडो वर्षांची. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून इथले लोक आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणायचे. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून ज्यू भरले 4,650. गावोगावच्या आमच्या आळ्यांत आता कुलपंच जास्त दिसतात.

सिनेगॉगचं वर्ष मात्र थांबत नाही. शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र दिवसाच्या) मेणबत्त्या किती वाजता लावायच्या, पुरीमच्या सणाला मेगिल्ला (एस्तेरची पोथी) कोण वाचणार, पेसाहच्या सणासाठी मात्झा (बिनखमिराची रोटी) किती मागवायचा, अखंड दिव्याच्या तेलाची पाळी कोणाची, प्रार्थना म्हणणारा हझान मुंबईहून येणार की ठाण्याहून, हे सगळं दर महिन्याला फळ्यावर लागतं आणि नंतर वहीत चढतं. फळा पुसला जातो, वही राहते. आमच्या वह्या फार जुन्या आहेत. सुंता, लग्न, दफन, मलिदा (आमचा नवसाचा प्रसाद), वर्गणी, सगळं त्यांत आहे. मजकूर मराठी, तारीख बहुधा हिब्रू आणि इंग्रजी अशा दोन्ही पद्धतींची.

त्या दिवशी मला वह्यांकडे बघायलासुद्धा फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तू बिश्वात होता. झाडांचं नववर्ष. जगभरचे ज्यू त्या दिवशी फळं खातात, पण आमच्यासाठी तो एलियाहू हन्नाबीचाही दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. पैगंबर एलियाहूच्या रथाच्या घोड्याच्या टापांच्या त्या खुणा, अशी आमची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा. त्या जागेला आम्ही ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतो. तू बिश्वातला मुंबई, ठाणे, पुण्याहून माणसं तिथे येतात, नवस फेडतात, मलिदा करतात. कोणाला मूल झालेलं असतं, कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणी आजारातून उठलेलं असतं.

म्हणजे माझ्याकडे बसची यादी, पोह्यांचा हिशेब, नारळ, खजूर, केळी, सब्जा, गुलाब, आणि पोलीस ठाण्यात द्यायचं पत्र. 2008 च्या नोव्हेंबरमधल्या मुंबई हल्ल्यानंतर आमच्या कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाआधी पोलिसांना कळवावं लागतं. ते येतात, उन्हात उभे राहतात, शेवटी मलिदा खाऊन जातात. मागच्या पडवीत आमच्या बायका खवण्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या जोडीला शेजारची माळीण काकू होती, कारण नारळ तिच्याच वाडीतले. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, आणि ताटाभोवती फळांची मांडणी. आधी एलियाहू हन्नाबीचं गीत होतं. मग एकेका वस्तूवर तिचा तिचा आशीर्वाद म्हणतात. झाडाच्या फळाचा वेगळा, केळ्याचा वेगळा कारण केळं जमिनीचं मानतात, पोह्यांचा वेगळा, सुगंधाचाही वेगळा. म्हणून सब्जा विसरून चालत नाही.

अकराच्या सुमाराला शमाश (सिनेगॉगची देखभाल करणारे) काका एका बाईंना घेऊन आत आले. सत्तरी ओलांडलेल्या, पायात बूट, खांद्याला मोठी पिशवी.

“शालोम ताई,” त्या म्हणाल्या. “मी दिमोनाहून आले. माझी बाय तुमच्या कबरस्तानात आहे.”

मराठी अगदी आमच्या आजीच्या पिढीचं, कोकणी हेलाचं. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद इथल्या जुन्या माणसांनी ते तसंच सांभाळलं आहे. मी त्यांना पाणी दिलं आणि बसवलं. मावशींनी सांगितलं ते असं: त्यांचा जन्म 1951 चा. त्या रांगत होत्या तेव्हाच आई गेली. वडील दोन्ही मुलांना घेऊन इस्रायलला गेले, दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या बायकोविषयी पुढे कधी बोलले नाहीत. घरात, आळीत सगळे तिला ‘बाय’ म्हणायचे. त्यापलीकडे मुलीला आईचं नाव माहीत नाही. मावशींना कबरीवर पाटी बसवायची होती. पाटीवर हिब्रूत ‘अमुकची मुलगी अमुक’ असं लिहावं लागतं. प्रार्थनेतही नाव घ्यावं लागतं. बिनानावाची हश्काबा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही.

“सहा दिवसांनी माझं विमान आहे,” त्या म्हणाल्या.

मी बसची यादी बाजूला ठेवली.

पहिली वही दफनाची. त्या वर्षांची पानं पाण्याने एकमेकांना चिकटलेली, शाई निळ्या ढगांसारखी पसरलेली. सोडवायला गेलं तर कागद हातात येत होता, म्हणून जोर केला नाही. लग्नाची वही चाळली. वडिलांचं नाव कुठेच नाही. लग्न मुलीच्या माहेरी लागलं असणार आणि माहेर कुठलं ते ठाऊक नाही. वर्गणीच्या वहीत वडील सापडले. दिव्यासाठी तेल दिल्याची नोंद होती, पण बायकोचं नाव तिथे कशाला येईल? शमाश काकांनी कबरस्तानाचा नकाशा आणला. त्यात रांगा आहेत, नावं थोडी आहेत. पन्नाशीच्या सुरुवातीच्या बऱ्याच कबरींवर पाटीच नाही. लोक जायच्या घाईत होते, पैसे जाण्याच्या तयारीला लागत होते.

या वह्यांविषयी मला इतकं का वाटतं तेही सांगते. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढल्या की बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न लावण्याआधी तिची आई, आजी, पणजी अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. इथून मोठ्या आशेने गेलेल्या माणसांना तिथे आपलं ज्यूपण सिद्ध करावं लागलं. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरून बसले. 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने स्पष्ट सांगितलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत. त्या दोन वर्षांत आमच्यासारख्या लहान सिनेगॉगांकडे उतारे मागणारी पत्रं येत होती. आमच्या लग्नाच्या वहीत अजून काही पानांवर टाचण्यांच्या गंजाचे डाग आहेत. कोणाची तरी आजी शोधताना लावलेल्या खुणांच्या चिठ्ठ्या तिथे होत्या. या खुर्चीवर माझ्याआधी बसलेल्या माणसाने कंदिलाच्या उजेडात ते उतारे काढले असतील. मी कधी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांचं अक्षर मी ओळखते.

दुपार झाली. मावशी थकल्या होत्या. माळीण काकूने त्यांच्यापुढे भाकरी आणि नारळाच्या रसातली भाजी ठेवली आणि आग्रह केला. जेवता जेवता मावशी थोड्या सैलावल्या आणि आपल्या थोरल्या भावाविषयी बोलू लागल्या. भाऊ अश्दोदला असतो, गुडघ्यांमुळे येऊ शकला नाही, स्वभावाने भलता घाईचा.

“आमचे बाबा त्याला चिडवायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, आता घाई करतोस, पण सुंतेला मात्र एक दिवस उशीर केलास. याच सिनेगॉगात झाली त्याची सुंता. पावसात बोटी बंद होत्या म्हणे. सुंता करणारा मोहेल मुंबईहून यायचा, तो पेणच्या वाटेने फिरून फिरून आला.”

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे सुंता आठव्या दिवशी होते. मूल अशक्त असेल तर पुढे ढकलतात, नाहीतर आठवा दिवस शब्बाथचा असो की योम किप्पूरच्या उपवासाचा, चुकवत नाहीत. नववा दिवस झाला असेल तर लिहिणाऱ्याने कारण लिहिलंच असणार. आणि सुंतेच्या नोंदीत आईचं नाव असतं, कारण बाळंतिणीसाठी आशीर्वाद म्हणताना तिचं नाव घ्यायचं असतं.

“भाऊंचं साल कुठलं, मावशी?”

“अठ्ठेचाळीस. पण तारीख त्यालाही नीट माहीत नाही. कागदावर एक जानेवारी आहे.”

जानेवारीत बोटी पावसाने बंद होत नाहीत. म्हणजे कागद बाजूला ठेवायचा आणि आठवणीवर विश्वास ठेवायचा. हिब्रू वर्ष 5708. नोंदीत ते तीन अक्षरांत येणार: ताव, शिन, हेत. चारशे, तीनशे आणि आठ; पाच हजार लिहायची पद्धत नाही. पावसाळा म्हणजे सिवान, तम्मूज, अव हे महिने.

सुंतेची वही सुस्थितीत होती. ती वरच्या फळीवर असायची म्हणून पाण्यातून वाचली. सिवानमध्ये काही नाही. तम्मूजच्या पानावर तिसरी नोंद. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव. खाली मोहेलची सही. समासात त्याच काळ्या शाईत, बारीक अक्षरात: ‘नवव्या दिवशी. बोट बंद.’ आणि मधल्या ओळीत ‘आई’ असं लिहून पुढे तिचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि माहेरचं गाव. पेण तालुक्यातलं. शेवटी मलिद्याचा खर्च, रुपये-आण्यांत, आणि तो आजोबांनी दिल्याचा शेरा.

मी मोठ्याने वाचलं. मावशींनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्यांनी स्वतः ते नाव उच्चारलं, हळू, एकदा मराठी वळणाने आणि एकदा हिब्रू वळणाने. नाव त्यांचं आहे, इथे लिहीत नाही. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सरळ फोन काढला आणि अश्दोदला लावला. पलीकडून म्हातारा आवाज इतक्या जोरात ओरडला की पडवीतल्या बायका उठून आल्या.

“बोट बंद होती ना? मी सांगत होतो ना तुला? बाबा खोटं बोलत नव्हते!”

त्यांना आईच्या नावाआधी बोटीचं कौतुक. मग आवाज एकदम थांबला आणि त्यांनी नाव विचारलं. मावशींनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. काकूने मावशींच्या पाठीवर हात ठेवला.

कबर कुठली, हा प्रश्न उरलाच होता. तो शमाश काकांनी सोडवला. त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवून ठेवलं होतं की पेणकडून आलेल्या अमुक सुनांच्या कबरी विहिरीच्या बाजूच्या रांगेत, एका घराण्याच्या शेजारी शेजारी. त्यातल्या दोन कबरींना पाटी आहे आणि त्या दोघी याच माहेरच्या. त्यांच्यामधल्या तीन कबरी बिनपाटीच्या. तिघींपैकी कुठली, हे खात्रीने सांगता येईना. मला इथे थांबावंसं वाटत होतं, कारण चुकीच्या कबरीवर नाव घालणं योग्य नाही. मावशींनीच मार्ग काढला. पाटी कबरीवर बसवायची नाही, रांगेच्या डोक्याशी उभी करायची, आणि तिच्यावर लिहायचं की या रांगेत ती आहे. हझानांना फोनवर विचारलं. त्यांना ते पटलं. हश्काबा मात्र उद्या सणाच्या दिवशी नको, शब्बाथला म्हणू, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याबरोबर बसने खंडाळ्याला आल्या. मुंबईच्या बस आधीच लागल्या होत्या. त्या दिवशीच्या एका गोष्टीविषयी लिहायलाच हवं. एलियाहू हन्नाबीचं गीत सुरू झालं तेव्हा मुंबईहून आलेली तरुण मुलं फोनमध्ये बघून म्हणत होती आणि मावशी डोळे मिटून सगळी कडवी पाठ म्हणत होत्या. चाल तीच, जराही फरक नाही. एका मुलीने फोन खिशात ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणू लागली. मग दुसरीने तेच केलं. ताटं वाटून झाल्यावर त्या मुली मावशींभोवती बसल्या आणि दिमोनात मलिद्याला पोहे कुठून आणता हे विचारत राहिल्या. मावशींनी आपल्या आईच्या नावाने पुढच्या वर्षीचा मलिदा तिथल्या तिथे माझ्याकडे नोंदवला.

त्या रात्री मी तू बिश्वातची नोंद केली. पूर्वी मी लिहायची तशी फक्त ‘अमुक कुटुंब’ अशी नाही. नवस फेडणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याच्या आईचं आणि बापाचं नाव, गाव आणि कारण लिहिलं. बस उशिरा सुटली होती, तेही समासात लिहिलं. आता सुंतेच्या आणि लग्नाच्या वह्यांचे पानापानाने फोटो घेते आहे. दफनाच्या वहीची चिकटलेली पानं सोडवायला जाणकार माणूस हवा आहे, त्याच्या शोधात आहे. ज्यांच्या घरी जुन्या केतुबा (लग्नाची करारपत्रं), मलिद्याच्या पत्रिका, आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा असतील, त्यांनी निदान फोटो काढून आपापल्या सिनेगॉगकडे द्यावेत.

शब्बाथला हश्काबा झाली. मावशी त्यानंतरच्या विमानाने गेल्या. पाटीचा दगड अलिबागजवळच्या एका पाथरवटाकडे दिला आहे. त्याला हिब्रू येत नाही, म्हणून शमाश काकांनी अक्षरं मोठ्या कागदावर काढून दिली. ‘दालेत’ आणि ‘रेश’ यांत फक्त एका कोपऱ्याचा फरक असतो आणि मावशींच्या आजोबांच्या नावात दालेत आहे. आठवड्यातून एकदा मी जाते आणि तो कोपरा नीट उतरतो आहे का ते बघून येते. पेसाहच्या आधी पाटी उभी राहील, असं त्याने सांगितलं आहे.