वरणभाताचा घास

गेल्या श्रावणात आठवडाभरात माझ्या धाकट्या भावाचे बोलणे कमी कमी होत पूर्ण थांबले. जेवायला बसला की वरणभाताचा पहिलाच घास तोंडात धरून तो अर्धा अर्धा तास ताटाकडे पाहत राही. गिळत नसे, थुंकतही नसे. आत्याने अंगारा लावला. मी मात्र चिडून "नाटक पुरे कर" असे म्हणाले, आणि ते शब्द मला आजही टोचतात.

त्याला आधीपासून नैराश्याचा त्रास होता. जवळच्या एका दवाखान्यात अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचे) इंजेक्शन दिल्यावर त्याचे अंग आणखी ताठरले. या अवस्थेत अशी औषधे त्रास वाढवू शकतात आणि क्वचित तीव्र ताप येऊन जिवावर बेतू शकते, हे आम्हाला नंतर कळले.

मोठ्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ मॅडमनी त्याचा हात उचलून सोडला, तर तो तसाच हवेत राहिला; उशी काढून घेतली तरी डोके चार बोटे अधांतरीच होते. बुश-फ्रान्सिस या २३ लक्षणांच्या मापनपट्टीवर गुण मांडून त्या म्हणाल्या, "हा हट्ट नाही, कॅटाटोनिया आहे, म्हणजे हालचाल आणि बोलणे गोठून जाणे." कालबाउम या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये वर्णिलेली ही अवस्था पुढे कित्येक दशके स्किझोफ्रेनियाचाच प्रकार मानली गेली, प्रत्यक्षात ती नैराश्यात, बायपोलर आजारात, मेंदूला सूज आल्यावरही दिसते, म्हणूनच त्याच्या रक्ताच्या तपासण्या, एमआरआय आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) हेही झाले.

मग शिरेतून २ मिलिग्रॅम लोराझेपाम हे एरवी शांत करणारे औषध दिले. साधारण दहा मिनिटांनी त्याच्या ओठांची हालचाल झाली आणि तो म्हणाला, "ताई, पाणी." आई भिंतीला टेकून रडू लागली. काही तासांनी तो पुन्हा निःशब्द झाला, पण औषध लागू पडते हे ठरले होते, त्यामुळे दिवसातून तीनदा डोस सुरू झाले. मधल्या काळात नाकातून नळीने अन्न, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे चालले. माझ्या मते ही शुश्रूषा औषधाइतकीच मोलाची होती.

सुधारणा अर्ध्यावर अडल्यावर मॅडमनी ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याची उपचारपद्धती, सुचवली. "शॉक" हा शब्द ऐकून बाबा उठूनच गेले. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हे समजावून सांगितल्यावरच त्यांनी सही केली. एक दिवसाआड सहा वेळा ईसीटी झाली. चौथ्यानंतर तो स्वतःच्या हाताने जेवला. काही दिवसांच्या आठवणी मात्र पुसट झाल्या आहेत.

लोराझेपाम एकदम बंद न करता अजूनही हळूहळू कमी करत आहोत. परवा त्याने सांगितले की त्या दिवसांत त्याला सगळे ऐकू येत होते. घास गिळला तर काहीतरी भयंकर घडेल अशी भीती दाटून आली होती. "तू ओरडलीस तेही ऐकलं," तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली.