पाण्याखालचा लाल दिवा

पहिला आवाज नहाणीतून आला. गुडगुड झाली आणि जाळीतून काळपट पाणी वर यायला लागलं. सकाळपासून आम्ही उंबऱ्याला फळी आणि गोण्या लावत होतो, आणि पाणी शिरलं ते मागून. बाहेरचं गटार तुडुंब भरलं की पाणी त्याच पाइपातून उलटं घरात येतं. बायकोनं वाळूची पिशवी जाळीवर दाबून धरली, दुसरी संडासाच्या भांड्यात कोंबली. मी मेन स्विच पाडला, इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर सोडवली. मग मुलीनं आणि मी सगळं माळ्यावर चढवलं.

मी वायरमन आहे. अशा दिवशी फोन थांबत नाही. सगळ्यांना एकच सांगत होतो : कोरड्या जागी उभं राहून मेनपर्यंत हात पोचत असेल तरच बंद करा. पाण्यात उतरावं लागणार असेल तर हात लावू नका, बाहेरूनच पुरवठा तोडायला कळवा.

पलीकडच्या गल्लीतल्या काकूंचा फोन लागेना. त्या एकट्या राहतात. गमबूट घालून, काठीनं पुढची जमीन चाचपत निघालो. पाणी तुंबलं की कुणीतरी मॅनहोलचं झाकण काढतं आणि वरून काही कळत नाही.

काकूंचं घर जुनं. रस्ता दरवेळी उंच होत गेला, घर तिथंच राहिलं. आता ओट्यावरून दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. ओटा जेमतेम कोरडा होता, आत मात्र पोटरीभर पाणी. काकू कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

ओट्यावरच्या मीटरजवळचा मेन मी आधी पाडला.

"अरे, लाईट सकाळीच गेलीय. थांब, मी येते उतरून," काकू म्हणाल्या.

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात टीव्हीच्या टेबलाखाली, गढूळ पाण्यात, मसुराएवढा लाल ठिपका दिसला. एक्स्टेन्शन बोर्ड पाण्यात बुडाला होता आणि त्याचा इंडिकेटर जळत होता.

"काकू, पाय खाली टाकू नका! अजिबात नका!"

एवढ्या वर्षांत कुणावर इतक्या जोरात ओरडलो नव्हतो. त्या दचकल्या, पण पाय वर घेतले.

मेन बंद, बाहेरची लाईट गेलेली, तरी त्या पाण्यात २३० व्होल्ट होते. इन्व्हर्टर बाहेरच्या जिन्यावरच्या कोनाड्यात होता. मीच बसवलेला. खरं तर त्यावर दिवे आणि पंखे एवढंच द्यायचं होतं. टीव्हीचा प्लगही घे, असं काकू म्हणाल्या आणि मी घेतला. फरशीपासून वीतभर उंचीवरचा प्लग. घरात पाणी आलं तर काय होईल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तो माझ्या डोक्यात यायला हवा होता, काकूंच्या नाही.

जिना चढलो. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीचं टर्मिनल सोडवताना पाना दोनदा हातातून निसटला. खाली येऊन दारातून पाहिलं, तर ठिपका विझला होता. तरी टेस्टरनं खात्री करूनच आत पाय ठेवला. काकूंना पाठीवर घेतलं. त्यांनी वाटेत एकदाच विचारलं, "लाईट नव्हती ना रे?" मला उत्तर देता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. प्लगची पेटी उघडली तर आत पिठासारखा मऊ गाळ बसलेला. बुडालेले प्लग, स्विच, बोर्ड सगळे काढून टाकले, ते पुसून वापरण्यासारखे नसतात. पाइपातल्या वायरींत पाणी राहतं म्हणून रोज जाऊन मेगर, म्हणजे वायरीतून करंट गळतो का ते तपासणारं मीटर, लावत होतो. काकू रोज विचारायच्या, "आज लावतोस का लाईट?" काटा एक मेगाओमच्या खाली होता तोवर नाहीच म्हणालो.

मग नवे प्लग छातीच्या उंचीवर घेतले. मेनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'जिन्यावरचा इन्व्हर्टरही बंद करा.' काकूंच्या हातानं दोन्ही तीन वेळा बंद-चालू करून घेतलं.

आता जुनी वही काढली आहे. मी इन्व्हर्टर बसवलेलं प्रत्येक घर तीत आहे. रोज काम संपल्यावर एकेका घरी जाऊन खालचे प्लग इन्व्हर्टरवरून काढतो आहे.