पोच

आमच्या बेडरूमच्या छतावर तीन पावसाळ्यांत एक नकाशा तयार झाला. पहिल्या वर्षी पंख्याशेजारी बशीएवढा पिवळट डाग. दुसऱ्या वर्षी तो पंख्याला वळसा घालून कपाटाकडे निघाला. तिसऱ्या वर्षी ऐन आषाढात, रात्री अडीचला, प्लॅस्टरचा पोपडा थेट उशीशेजारी पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. यांनी सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळी सेक्रेटरींना सांग," म्हणाले आणि हॉलमध्ये जाऊन झोपले.

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर. पाऊस लागला की खालच्यांकडे भजी, आमच्याकडे बादली.

तोवर मी गप्प बसले होते असं नाही. ग्रुपवर डागाचे फोटो टाकले होते. खाली सात अंगठे, दोन जोडलेले हात, आणि तासाभरात कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. जिन्यात सेक्रेटरी काका भेटले की म्हणायचे, "बघतो वहिनी." काका माणूस वाईट नाही. टँकर रात्री अकराला आला तरी लुंगीवर खाली उतरतात, तेही एक पैसा न घेता. पण त्यांचं ते 'बघतो' तीन वर्षं पुरलं.

माझा मावसभाऊ ठाण्यात त्याच्या सोसायटीचा खजिनदार आहे. मी रडगाणं सुरू केलं तर त्याने एवढंच विचारलं, "लेखी दिलंस? पोच आहे?" नव्हती. मग त्याने आदर्श उपविधींचं, म्हणजे सोसायटी चालवायच्या नियमांचं, पुस्तक काढून दोन जागा दाखवल्या. एक, तक्रार पदाधिकाऱ्याकडे लेखी द्यायची. कमिटीने पुढच्याच बैठकीत तिच्यावर निर्णय घ्यायचा आणि तो 15 दिवसांत सभासदाला कळवायचा. दोन, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत आणि प्लॅस्टर खराब झालं, तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. संडास-बाथरूमच्या गळतीचं आपलं आपण पाहायचं, पण गच्ची सगळ्यांची. इतके दिवस मी उपकार मागितल्यासारखी बोलत होते!

घरी आल्याआल्या अर्ज लिहिला. तारखा, डागाचं माप, सळईचा फोटो, उपविधीचा उल्लेख. दोन प्रती. काकांच्या दारात उभी राहिले. "अहो वहिनी, कागद कशाला, आपण घरातलेच," काका म्हणाले. मी म्हटलं, "शिक्का द्या ना तेवढा." शिक्का सापडला, तर पॅड वाळलेलं. काकूंनी आतून वाटीत पाणी आणलं, त्यात बोट बुडवून काकांनी पॅड भिजवलं. शिक्का उमटला फिकट जांभळा, निम्माच. पण खाली सही आणि तारीख होती. काकूंनी तेवढ्यात माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, त्यामुळे भांडायला आल्याचा सगळा आवेश गेला.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. तेही लेखी! पाऊस चालू असेपर्यंत गच्चीवर ताडपत्री, दसऱ्यानंतर वॉटरप्रूफिंग. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पहिल्या मजल्यावरच्यांनी "आम्हाला काय त्याचं?" असं विचारून घेतलं. ते दर सभेला विचारतात. खर्च मंजूर झाला.

दसरा झाल्यावर कंत्राटदाराची माणसं आली आणि गच्चीवरचा जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, फोडू लागली. मीही वर गेले, जरा ऐटीतच. आमच्या बेडरूमच्या बरोबर वर एका जुन्या डिश अँटेनाचा स्टँड होता. कोब्यात भोकं पाडून चार बोल्ट ठोकलेले, भोवतीची सिमेंट उकललेली. "पाणी इथून जातंय," मिस्त्री म्हणाला. कधीच बंद पडलेली डिश, कुणी उचलायची तसदी घेतली नव्हती. असली माणसं भरलीत इथे, असं मी तोंडावर आणलंच होतं, तोवर काकांनी वाकून तबकडीची मागची बाजू पुसली. बसवणाऱ्याने लाल ऑइलपेंटने नंबर घातला होता. 403.

आमचाच.

काका काहीच बोलले नाहीत. मिस्त्रीने बोल्ट कापले, मी डिश काखेत मारली आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर वरून आवाज आला, "वहिनी, भंगारवाल्याकडून पोच घ्या हं."