निम्मी वीज

“काका, निम्मी वीज उष्णतेत घालवायची असेल, तर बॅटरी हवीच कशाला?” मी १९८३ चा फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा घरगुती व्हिडिओ गेम, बॅटरीवर हातात धरून खेळता येईल असा करायला घेतला आहे. त्याचा उघडा बोर्ड पाहून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातील तरुणाने आज मला विचारले.

त्याचे खरे होते. अडॅप्टरचे १० व्होल्ट ५ वर आणताना ७८०५ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) उरलेली वीज नुसता तापून संपवतो. घरातल्या प्लगवर ते खपून जात असे, पण हातात धरून खेळायच्या यंत्रात ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर ५ व्होल्ट मिळवायचे, तर ७८०५ काढून व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप कन्व्हर्टरच बसवावा लागतो.

हे त्याने बोर्डाकडे एकदा पाहूनच ओळखले, याचे मला फार अप्रूप वाटले. सुटे भाग घरपोच मिळतात. पण ही नजर पेठेतल्या काउंटरवरच भेटते. ती आपण कुठे जपतो आहोत?